दफ्तराबाहेरची संस्था

संस्थेचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याने प्रथम दफ्तर मागवावे, नोंदणीचा दाखला, पहिल्या कार्यकारी मंडळाची यादी, इतिवृत्ताची बाडे आणि जमाखर्चाच्या वह्या धूळ झटकून समोर मांडाव्यात, संस्थापकांच्या तसबिरीस मनोमन नमस्कार करावा आणि मग सनावळीच्या दोरीला धरून सावकाश पुढे सरकावे, असा आपल्याकडील स्मरणिकांचा शिरस्ता आहे. आणि तो मोडण्याची मला हौस नाही. परंतु या स्मरणिकेच्या संपादकांनी मजवर जे काम सोपविले आहे, त्यातील संस्था मुळी दफ्तरात सापडतच नाही. दृष्टिहीन, कर्णबधिर, चालण्यास असमर्थ किंवा मतिमंद म्हणून शाळेच्या पटावर नोंदली गेलेली माणसे एकत्र येऊन, एकमेकांच्या आधाराने जे नाटक उभे करतात, त्या रंगभूमीचा इतिहास त्यांना हवा आहे. या रंगभूमीला ना मुद्रा, ना कचेरी. तिचे घटक निरनिराळ्या शाळांत, वसतिगृहांत आणि न्यासांत विखुरलेले. तेथील वह्यांतही तिची नोंद झालीच तर ती ‘स्नेहसंमेलन खर्च’ या सदराखाली, खुर्च्यांचे भाडे आणि चहा यांच्या शेजारी. तेव्हा वाचकांनी येथे सालवार अहवालाची अपेक्षा ठेवू नये. जेथे साल ठाऊक आहे तेथे ते देईन. आणि जेथे तालीमच बोलते, तेथे सनावळीला बाजूस बसवीन.

प्रारंभ नाशिकपासूनच करणे प्राप्त आहे, आणि तोही स्मरणिकेच्या स्थानमाहात्म्यासाठी नव्हे. ज्या नगरीचे नावच, लोकश्रुतीप्रमाणे, पंचवटीत झालेल्या एका अवयवच्छेदावरून पडले, त्या नगरीने व्यंग असलेल्या देहाचा विचार इतरांपेक्षा थोडा आधी करावयास हवा होता, असे मला पुष्कळदा वाटते. पण शूर्पणखेची बाजू मांडणारा वकील गोदाकाठी फारसा कोणी निघाला नाही. नाट्याचे वेड मात्र या गावास जुने. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, त्याच्या आश्रयाने उभे राहिलेले परशुराम साईखेडकर नाट्यगृह, पुढे महाकवी कालिदास कलामंदिर, आणि एकाच गावात नांदलेले शिरवाडकर व कानेटकर असे दोन नाटककार, एवढे भांडवल महाराष्ट्रातील थोड्याच नगरांच्या खात्यावर जमा असेल. जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात होणारा बोहाडा तर याहूनही जुना. भल्यामोठ्या मुखवट्याआड नजर कोंडलेले देवादिकांचे सोंग मशालींच्या उजेडात नाचत येते, तेव्हा त्याला वाट सोबत्यांच्या भरवशावर आणि वाद्याच्या अनुरोधानेच काढावी लागते. डोळे असून नसल्यासारखे करून नाचण्याची ही विद्या आमच्या आदिवासी बांधवांना परंपरेने अवगत होती. नगरवासी रसिकांनी तिचा संबंध आंधळ्या नटाशी कधी जोडला नाही, इतकेच.

दुसऱ्या बाजूस, शाळा उभ्या राहत होत्या. आपल्या मुलाच्या वाट्यास आलेल्या मतिमंदत्वाशी झुंजता झुंजता इतरांच्या मुलांचाही विचार करणाऱ्या रजनीताई लिमये यांनी १९७७ साली नाशकात प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. १९८१ हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केले आणि सरकारी परिपत्रकांना एकाएकी कंठ फुटला. १९५२ साली मुंबईत जन्मलेल्या राष्ट्रीय अंध संघाचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘नॅब’चा, महाराष्ट्र विभाग १९८४ मध्ये नाशकातच स्थापन झाला आणि त्याचे ठाणे सातपुरास पडले. कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालयही याच गावात. या शाळांचे मुख्य प्रयोजन शिक्षणाचे आणि उपजीविकेचे. नाटक तेथे वर्षातून एकदा, वार्षिकोत्सवात, पालकांच्या डोळ्यांस पाणी आणण्यापुरते येई. या पाण्याविषयी मला किंचित तक्रार आहे. प्रेक्षागृहात अश्रू लवकर आले की टीका उशिरा येते, आणि ज्या नटाच्या कामावर कोणी टीका करीत नाही त्याला नट मानलेले नसते.

मराठी रंगभूमीने व्यंगाकडे पाठ फिरविली होती, असे मात्र म्हणता येणार नाही. कानेटकरांचे पहिले नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ चे, आणि त्याचा विषयच मनाच्या विकाराचा. पुढे जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने मतिमंद मुलाच्या आईबापांचे दुःख इतक्या निर्दयपणे उघडे केले, की प्रेक्षक घरी जाताना एकमेकांशी बोलेनासे झाले, त्यातील मुलाची भूमिका अतुल परचुरे यांनी केली आणि ती गाजली. ही नाटके थोर आहेत. परंतु त्यांत व्यंग हा विषय आहे, कर्ता नव्हे. धडधाकट नटाने दोन तास व्यंग धारण करावे, टाळ्या घ्याव्यात आणि पडदा पडताच ते रंगपटात खुंटीस टांगून घरी जावे, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली होती की ज्याला ते खुंटीस टांगता येत नाही त्याने स्वतः रंगमंचावर यावे आणि त्यातही राजाची, विदूषकाची वा प्रियकराची भूमिका मागावी, ही कल्पना कोणास सुचली नाही.

येथे एका जुन्या न्यायाचे स्मरण होते. आंधळा चालू शकतो पण त्याला वाट दिसत नाही, पांगळ्याला वाट दिसते पण तो चालू शकत नाही. म्हणून आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यावे आणि दोघांनी अरण्य पार करावे. प्रकृतिपुरुषांचा संयोग समजावून सांगण्यासाठी ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत हा दृष्टांत घेतला, आणि नवलाची गोष्ट अशी की त्याच ग्रंथात पुढे प्रकृतीला, रंगास आपले दर्शन घडवून निवृत्त होणाऱ्या नर्तकीची उपमा दिली आहे. अंध, पंगू आणि नर्तकी अशी तिघे एकाच पोथीत, काही कारिकांच्या अंतराने उभी असताना त्यांची गाठ घालण्याचे आमच्या पंडितांना शतकानुशतके सुचले नाही! पण हा न्याय जसाच्या तसा आपल्या विषयास लावण्यात एक गफलत आहे. त्यातील दोघांजवळ एकेक उणीव आहे, उणिवांची बेरीज करून एक धड माणूस तयार होतो. आणि भाष्यकार सांगतात की इष्ट स्थळी पोहोचताच ते दोघे विभक्त होतात. नाटकमंडळीचे असे होत नाही. तिला उद्या पुन्हा त्याच अरण्यातून जावयाचे असते. शिवाय तेथे कोणी कोणाची उणीव भरून काढीत नाही. एका देहाने करावयाचे म्हणून जे काम आपण गृहीत धरलेले असते, ते अनेक देहांत वाटून दिले जाते, आणि वाटणीमुळे त्याचे रूपच पालटते.

ही वाटणी परकीय आहे असे कोणी समजू नये. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा कथेची पदे सूत्रधाराने म्हणावयाची आणि पात्रांनी त्या अनुरोधाने अभिनय करावयाचा, अशीच रीत होती. कंठ एकाचा आणि अंग दुसऱ्याचे, या व्यवस्थेतच आपली रंगभूमी जन्मास आली. तिकडे अमेरिकेत १९६७ मध्ये कर्णबधिरांचे राष्ट्रीय नाट्यपथक स्थापन झाले आणि एकाने हस्तसंकेतांनी बोलावे, दुसऱ्याने तेच वाक्य मुखाने उच्चारावे, अशी योजना त्याने रंगमंचावर उघडपणे केली, तेव्हा पाश्चात्त्यांना ती अपूर्व वाटली. भाव्यांच्या सूत्रधाराला ती ओळखीची वाटली असती. १९८० साली ब्रिटनमध्ये नबील शाबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी अपंग कलावंतांची जी मंडळी काढली, तिचे नाव त्यांनी ग्रीक पुराणातून उचलले. तीन वृद्ध भगिनी, तिघींत मिळून एकच डोळा, आणि तो हातोहात फिरवून पाहणे. ‘ग्रीआय’ हे ते नाव. संस्थेचे नाव ठेवावे तर असे. आपल्याकडे ‘नवजीवन’ आणि ‘आशाकिरण’ यांपलीकडे नामकरणविधी सहसा सरकत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या इतिहासात एक नाव टाळून पुढे जाता येत नाही; ते स्वागत थोरात यांचे. पत्रकारिता आणि रंगभूमी या दोन्ही क्षेत्रांत वावरणाऱ्या या डोळस गृहस्थाने पुण्यातील दृष्टिहीन विद्यार्थी आणि विद्यार्थिनी यांना घेऊन, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ हे नाटक बसविले. कलावंतांची संख्या ८८. ही संख्या पुढे विक्रमांच्या नोंदवह्यांत गेली आणि वृत्तपत्रांतून वारंवार छापली गेली. ती खोटी नाही. परंतु आपल्या लेखी परंपरेचा स्वभावच तीत उमटला आहे. कारकुनाला डोकी मोजता येतात. अठ्ठ्याऐंशी माणसे, ज्यांपैकी एकालाही रंगमंचाची कड दिसत नाही, ती एकमेकांस न धडकता कशी वावरली, कोण कोणाच्या पावलाकडे कान लावून होता, कोणाच्या कुबट विनोदाने तालमीतला शीण उतरत होता, हे मोजण्याचे सदर नोंदवहीत नसते, म्हणून ते नाहीसे होते.

थोरात एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दृष्टिहीन कलावंतांकडून ‘तीन पैशाचा तमाशा’ करून घेतला. १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणलेली पु. ल. देशपांड्यांची ही कृती ब्रेख्तच्या नाटकावर आधारलेली. आणि ब्रेख्तच्या त्या नाटकात एक व्यापारी आहे, ज्याचा धंदाच मुळी भिकाऱ्यांना बनावट व्यंगे पुरविण्याचा. धडधाकट माणसाला लुळा करून, डोळस माणसाला आंधळा करून तो रस्त्यावर उभा करतो आणि करुणेवर टक्केवारी घेतो. हा मामला खऱ्याखुऱ्या दृष्टिहीन नटांनी हाताळणे, म्हणजे दयेच्या बाजारावर त्या बाजारातल्याच मालाने भाष्य करणे होय. आंधळ्याने आंधळेपणाचे सोंग घेणाऱ्याची नक्कल करावी, यात जो चावरेपणा आहे तो कोणत्याही डोळस मंडळीस साधणार नाही. वार्षिकोत्सवातील अश्रूंना याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही.

थोरातांच्या नाटकांच्या दौऱ्यांतून निघालेली दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. प्रवासात नट बोलतात, आणि दृष्टिहीन नट बोलू लागले ते बहुतांशी वाचावयास काही मिळत नाही याविषयी. क्रमिक पुस्तकांपलीकडे ब्रेल लिपीत मराठी मजकूर जवळजवळ नव्हता. त्या गप्पांतून प्रथम १९९८ चा ‘स्पर्शगंध’ हा ब्रेल दिवाळी अंक आणि नंतर, १५ फेब्रुवारी २००८ रोजी, ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतील पहिले ब्रेल पाक्षिक निघाले. नाटकमंडळीच्या पोटी वृत्तपत्र जन्मास आल्याचे उदाहरण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. वृत्तपत्रांच्या पोटी नाटके मात्र रग्गड झाली.

आता तालमीकडे वळतो, कारण खरी संस्था तेथेच नांदते. डोळस नट तालमीच्या पहिल्या दिवसांत संहितेचे बाड एका हातात धरून वावरतो. दृष्टिहीन नटाला ती सोय नाही. ब्रेलमधील मजकूर जाड कागदावर उठविलेला असतो, छापील एका पानाची तेथे दोनतीन पाने होतात, आणि तो वाचावयास बोटे गुंतवावी लागतात. हात वाचनात अडकले की अभिनयास उरत नाहीत. म्हणून अशा मंडळीत बैठकीची तालीम लांबते, नक्कल आधी संपूर्ण मुखोद्गत होते आणि मगच माणसे उठून उभी राहतात. भरताने सांगितलेल्या अभिनयभेदांत वाचिकाने आंगिकाच्या आधी इतके निर्विवाद ठाण मांडलेले मी अन्यत्र पाहिले नाही. उभे राहिल्यावर हिशेब सुरू होतो तो पावलांचा. पार्श्वभागातून मध्यापर्यंत सात पावले, तेथून उजवीकडे चौथऱ्यापर्यंत चार. आणि पावले मोजावयाची ती भूमिकेच्या चालीने, स्वतःच्या नव्हे, कारण म्हाताऱ्याच्या सात पावलांत जे अंतर कापले जाते ते शिपायाच्या चारातच संपते. रंगमंचाच्या पुढल्या कडेपासून दोनएक हात अलीकडे काथ्याची पट्टी अंथरलेली असते. तळव्याला काथ्या खुपला की सीमा आली; म्हणून या मंडळीत पायताण घालणारी पात्रे दिग्दर्शकाला फारशी प्रिय नसतात, आणि राजेलोकही शक्य तो अनवाणीच राज्य करतात.

तोंड कोणीकडे आहे हे कसे कळते, असा प्रश्न मी एकदा एका दृष्टिहीन नटास विचारला होता. प्रश्न ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने समजावून सांगितले की पडदा उघडला म्हणजे समोरच्या हवेचा पोतच बदलतो, आवाज भिंतीवरून परत येईनासा होतो, आणि शिवाय प्रेक्षक खोकतात. मराठी प्रेक्षकांच्या खोकल्याची निंदा आजवर पुष्कळांनी केली. त्या खोकल्याचा दिशादर्शक यंत्र म्हणून उपयोग होतो हे मला त्या दिवशी समजले. विंगेत बसणारा प्रॉम्प्टर येथे दीपगृहाचे काम करतो. विसरलेली वाक्ये पुरविणे हे त्याचे दुय्यम कर्तव्य. त्याची कुजबूज डावीकडून येते, यावरून उजवी बाजू ठरते, हे मुख्य.

कर्णबधिर नट मंडळीत असला तर संकेतांची सारी व्यवस्था उलटी फिरते. त्याला प्रवेशाची वेळ कळावी म्हणून लाकडी तक्तपोशीवर ढोल ठेवतात आणि त्याचा थरकाप तो तळव्यांनी घेतो, किंवा दिव्याच्या मंदावण्यावर त्याची नजर खिळलेली असते. आंधळ्याला जो दिवा निरुपयोगी आणि बहिऱ्याला जो ढोल निःशब्द, त्या दोहोंच्या मेळात प्रवेश बसवावयाचा, म्हणजे एकच क्षण दोन भाषांत जाहीर करावा लागतो. चाकाच्या खुर्चीतील नट आणि तिला ढकलणारा दृष्टिहीन नट ही जोडी अंधपंगुन्यायाची सजीव आवृत्ती. पण त्यांच्यातही आज्ञा देणारा नेहमी बसलेलाच असतो असे नाही, आणि तालमीतील निम्मी भांडणे याच मुद्द्यावर होतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या नाटकात क्रम हा देव असतो. रोज तीच खुर्ची, तेच गाणे, तोच सोबती. त्यात एका वस्तूची जागा बदलली तरी सर्व प्रवेश कोसळतो. आणि एखादा अडखळलाच, तर त्याचे वाक्य शेजारचा, आपलेच असल्याच्या थाटात, बोलून मोकळा होतो. व्यावसायिक रंगभूमीवर दुसऱ्याचे वाक्य खाणे हा अपराध मानतात.

नाट्यशास्त्रात भरताने दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले आहेत. रसांच्या आठ, स्थायी भावांच्या आठ आणि संचारी भावांच्या वीस; कोणत्या भावात बुबुळ कसे फिरावे, पापणी किती मिटावी, हे सारे तेथे तपशीलवार नमूद आहे. ज्याच्याजवळ या छत्तिसांतील एकही नाही त्याने शृंगार कसा करावा? या प्रश्नाचे उत्तर मला शास्त्रात मिळाले नाही, ते ‘अपूर्व मेघदूत’ या नाटकाच्या योजनेत मिळाले. गणेश दिघे यांनी लिहिलेले आणि स्वागत थोरात यांनी १९ दृष्टिहीन कलावंतांकरवी उभे केलेले हे नाटक कालिदासाच्या काव्याला हात घालते, हे प्रथम ऐकून माझ्यासारख्या जुन्या वाचकाच्या कपाळास आठी पडली होती. मेघदूत म्हणजे केवळ चित्रांची मालिका, नेत्रांचा उत्सव, असे आम्ही शाळेपासून ऐकत आलेलो; आमच्या नाशकात तर कुसुमाग्रजांनी त्याचा मराठी अवतार केल्यामुळे त्या काव्यावर आमचा घरोब्याचा हक्क आहे, जरी मेघाच्या वाटेत नाशिक येत नसले आणि रामगिरीहून निघालेला तो ढग गोदावरीकडे पाठ करून उत्तरेस गेला असला तरी!

पुन्हा पोथी काढून वाचली तेव्हा आठी उलगडली. पहिल्या सरीने उठणारा मातीचा गंध, कमळांच्या सुगंधाने भारलेला शिप्रेचा वारा, महाकालाच्या सांजपूजेत मेघाने आपल्या गर्जनेचा करावयाचा पटह, मोरांची केका: हे सारे कान, नाक आणि त्वचा यांच्या मालकीचे. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की बोलणारा यक्ष स्वतः काहीच पाहत नसतो. तो रामगिरीवर खिळलेला आहे. नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, अलका हे सर्व त्याच्या डोळ्यांपुढे नाही. ते त्याच्या स्मरणात आहे, आणि स्मरणातील ते जग तो अशा एकास सांगतो आहे जो तेथे जाऊ शकतो. दृष्टिहीन नटाने यक्षाची भूमिका करणे हे त्यामुळे धाडस नव्हेच. ती भूमिका मुळापासून त्याचीच होती.

राजदरबारी या रंगभूमीची दखल अलीकडे घेतली जाऊ लागली आहे, हेही या इतिहासात नमूद करणे न्यायाचे होईल. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धांच्या कुळात सांस्कृतिक कार्य संचालनालयाने दिव्यांग बालनाट्य स्पर्धेची भर घातली. २०१६ च्या अधिनियमाने अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या २१ केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. अपंग, विकलांग, दिव्यांग अशी शब्दांची प्रगती माझ्या डोळ्यांदेखत झाली. पायऱ्या मात्र होत्या तेथेच राहिल्या. एका गावी, त्या नाट्यगृहाचे नाव घेत नाही, चाकाच्या खुर्चीतील नटाला रंगमंचावर जाण्यास पायऱ्यांवाचून मार्ग नव्हता. शेवटी ज्या मागील दाराने नेपथ्याचे सामान चढवितात तेथून, दोन कनाती आणि एका सिंहासनाच्या मधोमध, त्याला आत घेण्यात आले. व्यवस्थापक ओशाळला. नटाने हसून स्वतःची गणना सामानाच्या यादीत करून टाकली आणि त्या रात्री, सिंहासनावर बसावयाची पाळी त्याचीच असल्यामुळे, दोन्ही वस्तू एकाच ठिकाणी पोहोचल्या.

त्या प्रयोगानंतर मी मुद्दाम मागे थांबलो होतो. कनाती उतरल्या, सिंहासन गेले, दिवे काढून पेट्यांत भरले, वाद्यांच्या खोळी बांधल्या. ट्रकचा चालक घाई करीत होता. तक्तपोशीवर काथ्याची पट्टी तेवढी पसरलेली राहिली होती, आणि ती गुंडाळावयास कोणी हात लावीना. दोन दृष्टिहीन मुलगे रंग पुसून अजून बाहेर यावयाचे होते.